वृत्ती बदलायची म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, नाशिकला एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुपरवायझर. मार्चमध्ये घराचं कर्ज फिटलं, बँकेतून कागद हातात आले. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बीपीची एक गोळी सोडली तर तब्येत ठीक. "तरी रोज घरी आलो की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. बायको म्हणते, तुम्हाला कशातच आनंद नाही. मित्र म्हणतात, अॅटिट्यूड बदल. वृत्ती बदलायची म्हणजे सोमवारी सकाळी उठून मी नेमकं काय करायचं?"

समुपदेशनाच्या कामात मला २३ वर्षं झाली. एवढा नेमका प्रश्न क्वचित येतो. "मी पॉझिटिव्ह कसा होऊ?" असं विचारणारे खूप भेटतात, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसतं. 'सोमवारी काय करू' याला आहे. फक्त ते सकाळचं नाही, संध्याकाळचं आहे. तिथपर्यंत येते, त्याआधी दोन-तीन गोष्टी बोलून घेऊ.

पहिली गोष्ट डॉक्टरांची. गेले दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण घरच्यांना ओझं आहोत असे विचार येत असतील, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तो आजार असू शकतो, आणि आजाराला सवयींचं मलम पुरत नाही. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. शिवाय तुमच्या वयाच्या माणसाला मी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगतेच. बीपीच्या काही गोळ्यांनीही थकवा येतो. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, गोळी स्वतःहून बंद करू नका. माझ्याकडे 'आयुष्यात राम नाही' म्हणून आलेल्या दोघा-तिघांचा राम रक्ताच्या रिपोर्टमध्ये सापडलेला आहे.

तुमच्या लिहिण्यावरून मला तसं वाटत नाही. कामावर तुम्ही ठीक आहात, सुट्टीत गावी गेलात की बरं वाटतं असंही तुम्ही लिहिलंय. अडचण 'घरी आलो की' या वेळेची दिसते. तो शब्दप्रयोग तुम्ही पत्रात तीनदा केलाय.

आता कर्जाबद्दल. हप्ता सुरू असताना तुम्ही मनाशी काय म्हणत असणार, हे मी न विचारता सांगू शकते: 'एकदा हे फिटू दे, मग निवांत.' मग ते फिटलं. बायकोने पेढे वाटले असतील, फाइल कपाटात वरच्या कप्प्यात गेली असेल, आणि तिसऱ्या दिवशी पंपावर नेहमीची रांग होती. त्यात तुमचा स्वभाव वाईट असं काही नाही. मनाला चांगल्याचीही सवय होते. नवा मिक्सर पहिला आठवडा 'नवा मिक्सर' असतो, नंतर तो नुसता मिक्सर होतो आणि बिघडला तरच दिसतो.

१९७८ सालचा एक अमेरिकन अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या २२ जणांची तुलना त्याच भागातल्या साध्या माणसांशी केली होती. विजेते इतरांपेक्षा फारसे आनंदी निघाले नाहीत. आणि मला जास्त बोलकं वाटतं ते पुढचं: नाश्ता करणं, मित्राशी गप्पा, एखादा विनोद ऐकणं अशा रोजच्या गोष्टींतून त्यांना इतरांपेक्षा कमी मजा येत होती. मोठ्या पाहुण्यापुढे घरची माणसं फिकी पडावीत तसं.

पण हा अभ्यास लहान होता आणि त्यावरून 'पैशाने काही होत नाही' असं सांगत फिरणं मला पटत नाही. २०२० साली स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांवरचा खूप मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मोठं बक्षीस मिळालेल्यांचं 'एकूण आयुष्याबद्दलचं' समाधान खरंच वाढलं आणि वर्षानुवर्षं टिकलं. पण आनंद आणि मनःस्वास्थ्य यांवरचा परिणाम बराच कमी होता.

तुमच्या प्रश्नाची गाठ मला इथे दिसते. आयुष्याचा हिशेब ही एक गोष्ट आहे आणि दिवसाची चव ही दुसरी. कर्ज फिटल्याने तुमचा हिशेब जुळला. रात्री अंथरुणावर पडून एकूण बेरीज केली तर तुम्ही म्हणाल, बरं चाललंय. ते खोटं नाही. पण दिवसाची चव हिशेबाने येत नाही. किराणा भरलेला असला म्हणून आमटी आपोआप चवदार होत नाही. चव ज्या अर्ध्या-पाऊण तासांत लागते किंवा बिघडते, ते तास वेगळे आहेत आणि ते बहुतेक वेळा कुणाच्याच नजरेत नसतात.

म्हणून मी नव्याने आलेल्या माणसाला 'तुमची स्वप्नं काय' वगैरे विचारत नाही. कालचा दिवस सांगा म्हणते. घड्याळाने. आणि त्यात एक प्रश्न हमखास विचारते: चहा कसा प्यायलात?

हा प्रश्न मला एका बाईंनी शिकवला. (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) पन्नाशीच्या, घरात सासूबाई, नवरा, दोन मुलगे, एक सून. तक्रार तुमच्यासारखीच, सगळं आहे पण कशात मन नाही. सकाळ सांगताना त्या म्हणाल्या, "सगळ्यांचा चहा होतो, मग मी घेते." मी विचारलं, कुठे बसून? त्या गप्प. मग हसून म्हणाल्या, "बसून कुठे? ओट्यापाशी. डबे भरता भरता. निम्मा तर गारच होतो, मग तसाच ओतते घशात." हे किती वर्षं? तीस वर्षं.

मी त्यांना एकच काम दिलं. आठवडाभर स्वतःचा चहा गरम असताना, खुर्चीत बसून, कप रिकामा होईपर्यंत उठायचं नाही. दहा मिनिटं. त्यांना वाटलं, फी घेऊन ही बाई चहा प्यायला सांगते. पुढच्या आठवड्यात आल्या तेव्हा म्हणाल्या, "फक्त गुरुवारी जमलं." गुरुवारी काय झालं? त्या कप घेऊन खुर्चीत बसल्या तर सासूबाईंनी आतून विचारलं, "का गं, बरं नाही का?" नवऱ्याने पेपर खाली करून पाहिलं. मुलाने स्वतःचा डबा स्वतः भरला, आणि पोळ्या उलट्या घडीच्या ठेवल्या. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग ते पाणी थांबेना.

पुढचे चार महिने त्या येत होत्या, बाकी पुष्कळ गोष्टी निघाल्या. पण सुरुवात त्या कपाने झाली. त्यांनी आधी वृत्ती बदलली आणि मग खुर्चीत बसल्या, असं झालं नाही. आधी बसल्या. वृत्ती मागून, कुरकुरत आली.

या धंद्यात आम्ही हे रोज बघतो. मूड आला की करू, असं म्हणणाऱ्याला मूड येत नाही. केलं की मूड थोडा हलतो, कधी हलतही नाही, पण दुसऱ्या दिवशी करणं थोडं सोपं होतं. उदासीनतेवरच्या उपचारात याची एक पूर्ण पद्धतच आहे: माणसाच्या आठवड्यात अर्थ किंवा मजा देणाऱ्या कृती वेळ ठरवून परत घालायच्या, मन तयार असो वा नसो. उपचार म्हणून ती चांगली तावून सुलाखून निघालेली आहे. निरोगी पण रुक्ष झालेल्या माणसालाही तीच लागू पडते.

आता तुमची संध्याकाळ. तुम्ही लिहिलंय त्यावरून मी अशी जोडते: शिफ्ट सुटते, हँडओव्हर होतो, हेल्मेट घालता घालता कुणीतरी उद्याच्या मटेरियलचं काढतो. गाडीवर डोक्यात तेच. घरी कुलूप-दार, चप्पल, हातपाय धुतले की सोफा, हातात फोन. बायको काहीतरी बोलते, तुम्ही 'हं' म्हणता. जेवण, बातम्या, परत फोन, झोप. यात वाईट काहीच नाही आणि चांगलंही काही घडायला जागा नाही.

तुम्ही घरी आलेले असता, पण पोचलेले नसता. २०१० साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना त्यांच्या फोनवर दिवसातून अधूनमधून गाठून विचारलं: आत्ता काय करताय, मन तिथेच आहे का, आणि कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं. आणि मन दुसरीकडे असताना लोकांना एकूण कमी बरं वाटत होतं. मन चांगल्या ठिकाणी भटकत असलं तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा फायदा काही दिसला नाही.

आपल्या भाषेत 'समाधान' हा शब्द बघा. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ नीट एकत्र ठेवणं. म्हणून तर आपण शंकेचंही समाधान करतो. विखुरलेलं एका जागी आणणं. आनंदाचं तसं नाही, तो येतो-जातो, त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. उलट, आनंदी असण्याला जे फार महत्त्व देतात त्यांना ऐन चांगल्या प्रसंगी जास्त निराश वाटतं, असंही २०११ च्या एका अभ्यासात आढळलंय. आपण सहलीला गेलो आणि सारखं 'मजा येतेय ना?' विचारणारा एक नातेवाईक असतो, त्याची मजा कुणाला येते? तुम्ही सध्या स्वतःचेच तो नातेवाईक झाला आहात. घरी आलात की पहिलं मोजायला घेता: का नाही वाटत अजून छान?

तर सोमवारची पहिली गोष्ट घरी नाही, कंपनीत. कार्ड पंच करण्याआधी पाच मिनिटं, खिशातल्या छोट्या वहीत, तीन ओळी: आज काय अर्धवट राहिलं, उद्या पहिल्यांदा काय करायचं, कुणाला फोन लावायचा. कागदावर, फोनमध्ये नको. फोन उघडला की ग्रुप दिसतो. वही खिशात, आणि वाटेत ते विचार आलेच तर 'वहीत आहे' एवढं मनात म्हणायचं. अर्धवट काम मन घोकत बसतं, विसरू नये म्हणून. कागदावर गेलं की त्याची पकड सैल होते.

दुसरी गोष्ट दारातली. घरात पाऊल टाकल्यापासून पहिली वीस मिनिटं फोन चार्जिंगला, शक्यतो आतल्या खोलीत. 'चाळीस जणांची लाइन माझ्यावर आहे, कंपनीचा फोन आला तर?' रिंग ऐकू येईल. वीस मिनिटांत प्लांट बंद पडलाच तर ते आवाज देऊन सांगतील. हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. मी स्वतः दोन वर्षं क्लिनिकमधून परत आल्यावर स्कूटर पार्किंगमध्ये लावून तिथेच उभी राहून फोन बघायचे. 'वर गेले की वेळ मिळत नाही' ही माझी सबब. एकदा माझा मुलगा गॅलरीतून म्हणाला, "आई, तू आलीस की अजून यायचीयेस?" तो सात वर्षांचा होता. त्याला काहीही सुचवायचं नव्हतं, जिन्यावर लाइट लावायचा की नाही एवढंच विचारायचं होतं.

त्या वीस मिनिटांत काय करायचं? तुमच्या बाबतीत मी सांगेन: मुलीशी एक प्रश्न. तुम्ही लिहिलेला प्रसंग परत वाचा. ती उत्साहाने म्हणाली, "पप्पा, आज लॅबमध्ये माझं सर्किट पहिल्या फटक्यात चाललं." तुम्ही म्हणालात, "छान. फीची पावती आणलीस का?" तुम्ही रागावला नाहीत, उलट 'छान' म्हणालात. पण तिच्या हातातला पेढा तुम्ही न खाता खिशात टाकला.

जवळच्या माणसाने चांगली बातमी सांगितली की आपण काय करतो, यावर अमेरिकेत जोडप्यांचा बराच अभ्यास झालाय. वाईट बातमीला आपण सगळेच धावतो. चांगल्या बातमीला 'हो का, वा' म्हणून पुढे जाणं, किंवा लगेच शंका काढणं ही आपली खोड. ज्या घरांत चांगल्या बातमीला रस घेऊन प्रतिसाद मिळतो, तिथली नाती जास्त समाधानी आढळतात. रस घेणं म्हणजे कौतुकाचं भाषण नव्हे. "कसलं सर्किट होतं? आधी चालत नव्हतं का?" दोन प्रश्न. तुम्ही मशीनवर काम करणारा माणूस, तुम्हाला त्यातलं कळतंही. पावती जेवणानंतर मागा. आणि 'तुम्हाला कशातच आनंद नाही' या बायकोच्या वाक्याचा निम्मा अर्थ मला वाटतं इथेच आहे. तुम्हाला दुःख आहे अशी तिची तक्रार नसावी. तिच्या आणि मुलीच्या आनंदात तुम्ही येत नाही, ही असावी. विचारून बघा तिला. मी चुकत असेन तर ती सांगेल.

आता कृतज्ञतेच्या डायरीबद्दल, कारण तुम्ही ती १२ दिवस लिहून सोडलीत आणि त्याचा अपराध वाटतोय. नका वाटून घेऊ. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याने काही लोकांना फायदा होतो, अभ्यासही आहेत. पण रोज लिहिलं की ते देवाला यांत्रिकपणे फूल वाहिल्यासारखं होतं: 'कुटुंब, आरोग्य, नोकरी. कुटुंब, आरोग्य, नोकरी.' एका प्रयोगात सहा आठवडे काही जणांना आठवड्यातून एकदा आणि काहींना तीनदा लिहायला सांगितलं होतं. बरं वाटलं ते एकदा लिहिणाऱ्यांना. इथेही सवयच आड येते, मिक्सरसारखी. म्हणून रविवारी रात्री एकदा लिहा, आणि 'कुटुंब' हा शब्द वापरायला बंदी. 'मंगळवारी गाडी चालू होत नव्हती, शेजारच्या काकांनी पायजम्यावर येऊन धक्का दिला' असं चालेल. कोण, कधी, काय. लिहून झालं की त्यातल्या एकाला सोमवारी सांगून टाका. काका, त्या दिवशी बरं झालं तुम्ही होतात. एवढंच. डायरीपेक्षा याचा उपयोग जास्त, हे माझं अनुभवाचं मत.

इथे थोडं थांबून एक बोलते, कारण हे उत्तर दुसरंही कुणी वाचेल. 'समाधान मान' हे वाक्य आपल्याकडे ज्याला जास्त गरज त्यालाच जास्त ऐकवलं जातं. घरात मार खाणाऱ्या बाईला, पगार तीन महिने थकलेल्या कामगाराला, वर्गात छळल्या जाणाऱ्या पोराला. त्यांना कृतज्ञतेची डायरी देणं म्हणजे गळक्या छपराखाली बसून पावसाचं वर्णन लिहायला लावणं. छप्पर आधी. मला दिवसातून तीन 'पॉझिटिव्ह राहा' असे संदेश येतात आणि राग येतो तो याच कारणाने. तुमच्या बाबतीतही तपासा: ओव्हरटाइमचा हिशेब नीट मिळतो का, वरिष्ठ अपमान करतो का? तसं असेल तर ती वृत्तीची अडचण नाही. ते बोलायचं, लिहून द्यायचं, युनियनकडे न्यायचं काम आहे. माझा अनुभव असा की असं एक रखडलेलं बोलणं उरकलं की माणूस जितका हलका होतो, तितका महिनाभर ध्यान करूनही होत नाही.

मित्रांचं विचारायचं राहिलं. तुमचे आहेत का? 'अॅटिट्यूड बदल' म्हणणारे म्हणजे कंपनीतले असावेत. कामाबाहेरचा, ज्याच्याशी उत्पादन आणि टार्गेट सोडून बोलता येईल असा एक माणूस लागतो. हार्वर्डने १९३८ पासून काही माणसांचा जन्मभर मागोवा घेतलाय, पुढे त्यांच्या मुलाबाळांचाही. त्यातून निघणारं सगळ्यात ठळक म्हणजे उतारवयात प्रकृती आणि समाधान राखण्यात जवळच्या नात्यांचा वाटा मोठा. तुम्ही ४६ आहात. या वयात पुरुषांची मैत्री लग्न, बारसं आणि अंत्यविधी यांवर येऊन थांबते. आठवड्यात एकाला फोन करा, काम नसताना. पहिलं वाक्य अवघड जाईल, कारण समोरचा विचारणार, "बोल, काय काम काढलंस?" त्याला म्हणा, काही नाही, सहज. पहिल्यांदा तो दोन मिनिटांत ठेवेल. तिसऱ्यांदा नाही ठेवणार.

अनोळखी माणसांशीही बोलायला हरकत नाही. शिकागोत लोकल आणि बसच्या प्रवाशांवर प्रयोग झाले, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना वाटत होतं शांत बसलेलं बरं. प्रत्यक्षात शेजाऱ्याशी बोलायला लावलेल्यांचा प्रवास जास्त बरा गेला. मुंबईच्या लोकलमधल्या भजनी मंडळींना आणि भाजी निवडत जाणाऱ्या बायकांच्या डब्याला हे सांगायला शिकागो लागलं नाही, ती गोष्ट वेगळी. तुम्हाला कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनचं गाव माहीत आहे का? रोज दोनदा भेटतो.

बाकीचं पटकन. चालणं: हो, रोज, अर्धा तास, बीपीसाठीही. झोप: सात तासांच्या खाली नको, हे शिफ्टवाल्याला सांगणं सोपं आणि करणं कठीण, मला कल्पना आहे. इतरांशी तुलना: बंद होत नाही, पण कुणाशी करायची ते निवडता येतं. कर्ज फिटल्यावर जो हप्ता वाचला, त्यातला थोडा भाग अशा गोष्टींवर खर्च करा ज्या दरवेळी वेगळ्या होतात: महिन्यातून एकदा बायकोबरोबर कुठेतरी जाणं, भाच्याला पुस्तकं. नव्या टीव्हीची सवय पंधरा दिवसांत होते. त्र्यंबकच्या रस्त्यावर पावसात भिजत खाल्लेल्या कणसाची होत नाही.

किती दिवस लागतील? २१ दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. लंडनमध्ये ९६ जणांना एक नवी सवय निवडून रोज करायला सांगितलं होतं. ती आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला अंदाजाने २५४. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. तुमची डायरी तेराव्या दिवशी चुकली आणि तुम्ही ती बंद केलीत. तेराव्याऐवजी चौदाव्या दिवशी लिहिली असतीत तर चाललं असतं. नवी गोष्ट जुन्या खिळ्याला टांगायची, हे मात्र नक्की. 'संध्याकाळी जरा शांत बसेन' हे हवेत राहतं. 'किल्ली खुंटीला लावली की फोन चार्जिंगला' हे टिकतं, कारण किल्ली तुम्ही रोज लावताच.

तर यादी म्हणून सुरुवातीला दोनच: गेटवरची वही आणि दारातली वीस मिनिटं. चहा, रविवारची पानं, मित्राचा फोन हे महिन्याभराने एकेक. सगळं एकदम सुरू करणारे माझ्याकडे दहाव्या दिवशी 'माझ्याच्याने होत नाही' म्हणत परत येतात. कॅलेंडरवर झोपताना दिवसाला दहापैकी गुण मांडा, पण 'आनंदी होतो का' याला नाही. 'संध्याकाळी मी घरात पोचलो होतो का', याला. दोन आला तरी दोन लिहा. चार आठवड्यांनी आकडे बघा, शक्यतो बायकोला दाखवून, कारण तिचे गुण वेगळे असतील आणि ते ऐकण्यासारखे असतील. तरीही चित्र जराही हललं नसेल तर मात्र कुणातरी समुपदेशकासमोर प्रत्यक्ष बसा, पत्रातून यापुढचं होत नाही.

एक शेवटचं, तुम्ही शिफ्ट लिहिलेली नाही म्हणून. हा सोमवार नाइटचा असेल तर सुरू करू नका. नाइटच्या आठवड्यात घरी येता तेव्हा घर डबे भरण्याच्या गडबडीत असतं, मुलगी बाहेर पडत असते आणि तुम्हाला फक्त अंधार हवा असतो; त्या आठवड्यात झोप पूर्ण करणं हेच काम. फर्स्ट शिफ्ट लागेल त्या सोमवारी वही खिशात टाका.